मोटारीची जाळी आणि बैलाची वादी

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मोटार घेतली ती बैल घेतात तशी घेतली. भोवती दोन फेऱ्या मारल्या, चाकांवर थापा मारल्या, दिव्यांत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "जनावर चांगलं आहे." विकणारा जंगलखात्यातला साहेब होता. त्याला विलायतेला परत जायची घाई होती. मामंजींचा धानाचा व्यापार होता आणि गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात तेव्हा दुसरी मोटार नव्हती. मोटारीचं पोट कसं पाहायचं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पहिली दोन वर्षं ड्रायव्हर होता तोवर सगळं ठीक चाललं. मग लढाई सुरू झाली, ड्रायव्हर फौजेत भरती झाला आणि मोटार आमच्या घरच्यांच्या हाती आली. पेट्रोल कुपनावर मिळायचं. ते गंजक्या डब्यांतून यायचं आणि डब्यांतला गंजही आमच्याच टाकीत जायचा. हळूहळू मोटार उचक्या देऊ लागली. अर्धा मैल नीट जायची, मग हिसका, मग दुसरा हिसका, मग चूप. मामंजी म्हणायचे, "साहेब आठवण काढून राहिला असंल तिकडे."

हे हसण्यावारी गेलं असतं, पण माझ्या नणंदेला रायपूरला मुलगा झाला. परवा बारसं, आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गोंदियाहून दुपारची चारची गाडी पकडायची होती. यजमानांनी जाहीर केलं, "आईला मोटारीनंच नेतो." ड्रायव्हर जाताना त्यांना एक गोष्ट सांगून गेला होता: मोटार उचकी द्यायला लागली की इंजिनाशेजारची काचेची वाटी उघडायची, तिच्यावर पितळी जाळी असते, ती साफ करायची. पेट्रोल त्या जाळीतून गाळून पुढे जातं. एवढ्या ज्ञानावर हे सकाळी सातला धोतर खोचून अंगणातल्या चिंचेखाली मोटारीपाशी उभे राहिले.

त्याच वेळी बंडी हाकणारा आमचा म्हातारा गडी येऊन विचारून गेला, "मालक, बैल जुपू का जी?"

"काही गरज नाही," हे म्हणाले.

वाटी खोलण्याआधी पेट्रोलचा नळ बंद करायचा असतो. ते ड्रायव्हरनं सांगितलं नसावं, किंवा ह्यांनी ऐकलं नसावं. वाटी सुटली आणि पेट्रोलची धार ह्यांच्या बाहीतून थेट काखेपर्यंत गेली. हे ओरडले, मी धावले. नळ मलाच सापडला, कारण मी धारेच्या उलट्या दिशेनं पाहिलं. वास स्वयंपाकघरात पोचला. आत्याबाईंनी क्षणाचाही विचार न करता चुलीवर घागरभर पाणी ओतलं. चुलीवर वरण होतं. धुराच्या लोटातून त्या बाहेर आल्या.

"काऊन रे, मले बारश्याले पाठवून राहिला का थेट वर?"

त्या दिवशी घरात दुसऱ्यांदा चूल पेटली नाही. सगळ्यांनी दही-पोहे खाल्ले.

जाळी निघाली ती चिखलानं लिंपलेली होती, रुपयाएवढी गोल, बारीक. यजमानांनी ती काथ्यानं घासली. घासता घासता चिखल गेला आणि पाठोपाठ जाळीही गेली. मधोमध बोट जाईल एवढं भोक पडलं. वाटीच्या काठाखालचं बुचाचं कडंही हातात आल्याबरोबर भुगा झालं. नवीन सामान नागपूरला, तेही लढाईमुळे मिळेल न मिळेल.

"मालक, बैल..."

"थांब रे!"

आधी ह्यांनी मामंजींच्या जुन्या धोतराचा तुकडा लावून पाहिला, कड्याच्या जागी सुतळी गुंडाळली. मोटार सुरू झाली, दारातून बाहेर पडली, मारुतीच्या देवळापर्यंत गेली आणि तिथं देवासमोर थांबली ती थांबलीच. चार माणसांनी ढकलत परत आणली. धोतराचे तंतू सुटून पुढच्या नळीत अडकले होते. ते तोंडानं ओढून काढताना ह्यांच्या पोटात थोडं पेट्रोल गेलं. मग पुढे तासभर हे ढेकर देत होते आणि प्रत्येक ढेकरेला आत्याबाई देवघरातल्या समईकडे पाहत होत्या. शेवटी त्यांनी समईच विझवली.

मग पिठाची चाळणी आली. तिची भोकं मोठी. शिवाय ती आत्याबाईंची. "तिले हात लावला तं मी पायी जाईन," त्यांनी सांगितलं.

माझ्याकडे एक वस्तू होती. नागपूरहून लग्नात आणलेली चहाची गाळणी, पितळी, इतक्या बारीक विणीची की चहाचा कणही कपात उतरत नसे. या घरात चहा पिणारी मी एकटी. मी ती आणायला उठले आणि दारात दोनदा थांबले. खरंच सांगते, मंगळसूत्र मागितलं असतं तर इतका विचार केला नसता. ती ह्यांच्या हातात दिली तेव्हा ह्यांनी लगेच कात्री उचलली. मी दोन्ही वस्तू काढून घेतल्या. धोतराचं काय झालं ते मी पाहिलं होतं.

"तुम्ही बसा," मी म्हटलं. "मी करते."

पोलकं बेततात तसं मी बेतलं. जुन्या जाळीचं पितळी कडं कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखलं, दुमडायला जवभर जागा जास्त धरली, गाळणीची जाळी कापली. कापलेल्या कडेच्या तारा सुटायला लागल्या म्हणून काठ आत मुडपला. भरतकामाच्या डब्यात बारीक तांब्याची तार होती, तिनं तो काठ त्या पितळी कड्यावर काजाच्या टाक्यानं शिवला. आत्याबाई शेजारी येऊन बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "टाका जवळ घे. तिथं फट राहून राहिली." फट होती खरी.

राहिलं बुचाचं कडं. सगळे विचारात पडले. तेव्हा तो म्हातारा गडी उठून गोठ्यात गेला आणि बैलाच्या गळ्यातली घुंगराची वादी सोडून घेऊन आला. तेल पिऊन मऊ झालेलं चामडं.

"हे लावा जी," तो म्हणाला. "पाणी नाई सोडत, तं हे काय सोडंल."

विहिरीतून पाणी उपसणारी चामडी सोंडेची मोट त्यानं आयुष्यभर चालवली होती. तो बोलला तसंच झालं. वादीचं कडं कापून बसवलं, वाटी आवळली, नळ उघडला. वाटी भरली. आत्याबाईंनी खालून बोट फिरवलं, हुंगलं. "थेंब नाई." हँडल मारल्यावर मोटार अशी गुरगुरली की ह्यांनी आनंदानं मला सगळ्यांदेखत नावानं हाक मारली. नवऱ्यानं बायकोला तशी हाक मारायची तेव्हा पद्धत नव्हती.

आम्ही निघालो. मामंजी मात्र बंडी जुंपून मागून निघाले, वाटेत अडलो तर कामी यावी म्हणून. मोटारीनं एकदाही उचकी दिली नाही. दोन्ही बाजूंनी धानाची बांधी, बांध घातलेली शेतं, सर्रकन मागे जात होती. तीन वाजताच आम्ही गोंदियाच्या स्टेशनात होतो. यजमान ऐटीत म्हणाले, "आई, सामान कुठं आहे?"

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "बंडीत."

"बंडीत?"

"मी तं तुझ्यावर भरवसा ठेवला रे बाप्पा. पण डिंकाच्या लाडवाचा डबा मोटारीच्या भरवशावर कसा ठेवू? पिशवीत बाळाची आंगडी आहेत, पाळण्याचं चांदीचं खेळणं आहे."

ह्यांनी स्टेशनातलं घड्याळ पाहिलं. मग मोटार वळवली. मी आत्याबाईंजवळ फलाटावर थांबले. बंडी ह्यांना निम्म्या वाटेत भेटली. मोटार समोरून आलेली पाहून मामंजींना वाटलं, मोटार बिघडून परत आली. ते विजयानं म्हणाले, "पाह्य बरं! म्हटलं होतं ना!" त्यांना समजवायलाही ह्यांना वेळ नव्हता. डबा, वळकटी, पिशवी मोटारीत फेकली आणि मोटार पुन्हा धुरळ्यात दिसेनाशी झाली. रस्त्यात उभ्या राहिलेल्या मामंजींना म्हाताऱ्या गड्यानं काय झालं असावं ते सावकाश सांगितलं म्हणे.

गाडीनं शिटी दिली तेव्हा वळकटी खिडकीतून आत गेली. आत्याबाईंनी डबा मांडीवर घेतला, झाकण दाबून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "ह्याले पेट्रोल पोटात गेलं आहे. आज ताक पाज."

ती जाळी लढाई संपेपर्यंत टिकली. दर महिन्याला वाटी उघडून धुण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मामंजींना याचा अभिमान वाटतो हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा एका लाकडाच्या ठेकेदाराची मोटार आमच्या दाराशी बंद पडली. तो ओसरीवर येऊन मामंजींना विचारू लागला, "सेठजी, यहाँ कोई मिस्त्री मिलेगा क्या?"

मामंजींनी त्याच्यासमोर सुपारीचं तबक सरकवलं.

"बसा," ते म्हणाले. "मिस्त्री भाकरी थापून राहिली."