उतार फुकटाचा

ऑटो सुरू करायच्या आधी तो मागचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि ऑटो गदागदा हलवायचा. मग वाकून कान लावायचा. टाकीत डुबुक वाजलं की त्याचं तोंड फुलायचं. "हाय! वाशीम पोहोचते. बसा!" त्याच्या ऑटोला काटा नव्हता. त्याचा कान हाच काटा.

तुम्ही आमच्या वऱ्हाडातल्या मालेगाव-वाशीम रस्त्यानं जाणारे असाल, तर त्याला पाहिलंच असेल. काटकुळा, काळा, गळ्यात दुपट्टा, पन्नाशीच्या अलीकडचा. नाव सांगत नाही. तसंही सगळे त्याला उतारवालाच म्हणत.

पेट्रोल शंभरीच्या पार गेलं, तेव्हा बाकीच्या ऑटोवाल्यांनी भाडं वाढवलं, नाहीतर स्टँडवर बसून सरकारच्या नावानं बोटं मोडली. ह्यानं दोन्ही केलं नाही. "भाडं वाढवलं त बाया पायी जातीन," म्हणे. मग ऑटोचं वजन काढायला लागला. वरचा कॅरिअर काढला. गाण्याचा डबा काढला. पितळेचा गणपती घरी नेला आणि त्याच्या जागी फोटो चिकटवला. सकाळी जेवून निघत नसे, भाकर दुपट्ट्यात बांधून आणायचा. मी म्हटलं, "अबे, पोटात काय आन् दुपट्ट्यात काय, भाकर तेवढीच वजनाची." तो म्हणाला, "दुपट्ट्यातली तुमाले देऊन हलकं होता येते, काकाजी. पोटातली कोणाले देऊ?"

टाकीत एका लिटरच्या वर कधी टाकायचा नाही. का, तर पेट्रोललाही वजन असते आणि ते वजन ओढायला पुन्हा पेट्रोल लागते. ह्याला शहाणपण म्हणायचं की येडेपणा, ते पुढं कळेलच.

त्याची खरी विद्या रस्त्याची होती. आमच्या गावापासून वाशीमपर्यंत कुठं रस्ता बोटभर खाली जातो, ते त्याच्या पायाला ठाऊक. उतार आला की इंजिन बंद! ऑटो गुपचूप पाण्यासारखा वाहत जायचा. आणि हा मान मागं वळवून, दात काढून सांगायचा, "उतार फुकटाचा हाय!" रोज सांगायचा. जणू आजच सापडला.

आणि चढ आला की?

"उतरा!"

सगळे उतरायचे. हसू नका, खरंच उतरायचे. भाजीवाल्या बाया टोपल्या आत ठेवून चालायच्या. कायम पांढऱ्या पँटीतले शाळेचे मास्तर चालायचे. मालेगावचा गाद्यांचा कापूस पिंजणारा चाचा चालायचा. रिकामा ऑटो पुढं, आम्ही मागं, वरात निघाल्यासारखे. पहिल्या महिन्यात लोकांनी शिव्या दिल्या. मग गोडी लागली. चढावर कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाच्या शेताच्या धुऱ्याचं भांडण मिटलं. चाचा म्हणायचा, "इस चढाई में मेरा पेट अंदर हो गया, डॉक्टर का पैसा बचा!"

एकच माणूस कधी उतरत नसे. माझी बायको, बुढी.

तिला दम्याचा त्रास. महिन्यातून दोनदा तिला वाशीमला दवाखान्यात न्यायचो. चढावर सगळे उतरले तरी तो तिला म्हणायचा, "काकू, तुमी बसून राहा." एकदा मास्तरांना राहवलं नाही.

"काकूले काहून सूट?"

"मास्तर, काकू चिमणी हाय. चिमणी बसली म्हणून फांदी वाकते काय? तुमी बसले त झाडच वाकते!"

सगळा चढ हसला. पण बुढीला ते मनात लागलं असावं. आपल्यापायी त्याचं पेट्रोल जळते म्हणून, चढ आला की ती मांडीवरची औषधांची पिशवी दोन्ही हातांनी वर उचलून धरायची. दम लागलेली बाई, तरी धरायची.

मी चालता चालता ओरडायचो, "बयताड! हातात धरली तरी वजन तेच!"

"तुमाले काय समजते," म्हणायची. पिशवी खाली ठेवायची नाही.

आता तो दिवस सांगतो.

दुपारची वेळ. बुढी ओट्यावर तूर पाखडत होती. एकदम सूप हातातून सुटलं. श्वास आत जाईना. ओठ निळे पडले. ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेली. शेजारची पोरगी स्टँडकडे पळत सुटली. तिनं काय सांगितलं देव जाणे, उतारवाला भरला ऑटो घेऊन थेट आमच्या ओट्याला लागला. आत मास्तर होते, चाचा होता. दोघंही उतरले नाहीत. बुढीला आडवी घेतली, तिचं डोकं चाचाच्या मांडीवर. निघताना मी औषधांची पिशवी तिच्या हातात दिली होती, ती सोडत नव्हती.

त्या दिवशी त्यानं ऑटो हलवून पाहिला नाही. कान लावला नाही. निघालाच!

काय पळवला! मी त्याच्या बाजूला अर्धा बाहेर लटकलेला. उतार आला, मी सवयीनं म्हटलं, "बंद कर ना, उतार हाय."

"चूप बसा, काकाजी! आज उतारबी इकत घेतो!"

चढ आला. कोणी उतरलं नाही, त्यानं सांगितलंही नाही. दोन चढ असेच ओढून काढले. इंजिन रडायला लागलं. राहिला शेवटचा, वाशीमच्या अलीकडचा मोठा चढ. अर्ध्यावर गेलो आणि इंजिननं दोन उचक्या दिल्या. बंद.

टाकी कोरडी.

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "एक लिटर! सायाचं एकच लिटर टाकलं होतं मी!" त्याचे डोळे भरून आले. माझ्या तोंडात आई-माईच्या शिव्या आल्या होत्या, त्या गिळल्या. शिव्यांनी ऑटो चालत नाही.

"ढकला!" मास्तर ओरडले. पांढरी पँट, पण पहिला खांदा त्यांचा लागला. दुसरा चाचाचा. मी होतोच. रस्त्याकडेच्या वावरात चार बाया निंदत होत्या. त्यांनी विळे फेकले आणि काही न विचारता धावत आल्या. ऑटो हलला. एक एक हात वर सरकायला लागला. माझ्या छातीत भाता चालू होता, आणि आत बुढीचा श्वास शिटीसारखा वाजत होता. ती शिटी थांबली तर सगळं थांबलं, एवढंच मला कळत होतं.

आलो माथ्यावर! तिथून रस्ता सरळ खाली जातो, आणि पायथ्याला रस्त्याला लागूनच दवाखाना. त्यानं उडी मारून हँडल धरलं. आम्ही मागं झालो. वजन नको, एवढं तर त्यानं आम्हाला शिकवलंच होतं.

तो मागं वळून किंचाळला, "बसा! सगळे बसा! आज वजन पायजे! मास्तर, तुमी आधी!"

बसलो की हो! मास्तर बसले, चाचा बसला, निंदणाऱ्या चार बायाही चिखलाच्या पायांनी जिथं जागा दिसली तिथं चढल्या, लटकल्या. आणि ऑटो सुटला.

इंजिनचा आवाज नाही. नुसता वारा. ब्रेकवरून त्याचा पाय उचललेला. हॉर्न मात्र चालू होता, पँ पँ पँ! चाचा बाहेर झुकून दुपट्टा फिरवतो आहे, "हटो! हटो! बाजू!" बकऱ्या पळाल्या. एक बैलगाडी धुऱ्यावर चढली. मागून यष्टी आली, तिलाही पुढं जाऊ दिलं नाही. आणि समोर गतिरोधक! त्यावर चढला असता तर वेग गेला असता आणि ऑटो तिथंच बसला असता. त्यानं डोळ्यानंच मापलं, हँडल वळवलं, दोन चाकं मुरमात, एक डांबराच्या काठावर. धाडदिशी बाजूनं काढला! बाया "गे माय!" ओरडल्या. फाटकातून आत, आवारातून पुढं, वेग कमी, कमी, कमी... दवाखान्याच्या पायरीपासून दहा पावलांवर ऑटो थांबला.

त्या दहा पावलांत बुढीला आठ जणांनी उचललं.

दुसऱ्या दिवशी नाकात नळी असताना तिनं डोळे उघडले. पहिलं काय बोलली? "पिशवी कुठं हाय?" मग म्हणाली, "विमानात बसल्यावानी वाटलं मले." हा दारात उभा होता, तो ढसाढसा रडला. मीही रडलो, पण भिंतीकडे तोंड करून.

त्यानंतर त्यानं सीटखाली एक लिटरची बाटली बांधून ठेवली, पेट्रोलनं भरलेली. तिच्यावर लाल रंगानं लिहिलं, 'काकू'. टाकीत पुन्हा लिटरभरच टाकायचा, सवय ती. पण बाटलीला हात लावायचा नाही. एकदा भर उन्हात तासभर ऑटो ढकलत नेला, तरी बाटली उघडली नाही.

बुढी आणखी सव्वा वर्ष जगली. गेली ती सकाळी, चहाचा कप हातात असताना, एका क्षणात. ऑटोचं कामच पडलं नाही. तो आला, बाटली मांडीवर घेऊन ओट्यावर बसला. "मले बलावलं काहून नाही जी? हे हाय ना अजून."

"बलावायले तिनं येळच देला नाही, बापू," मी म्हटलं.

पुढं पेट्रोल काही उतरलं नाही. रस्त्यावर बॅटरीचे ऑटो आले. ह्याच्या ऑटोत चढाला उतरायला कोण बसणार? त्यानं ऑटो वाशीममध्ये विकायचा ठरवला. शेवटच्या फेरीला मला बोलावलं. निघताना बाटलीचं झाकण काढलं आणि टाकीत ओतली. मोठा उतार आला. मी वाट पाहिली. इंजिन चालूच.

"बंद नाही करत?"

"हे काकूचं हाय," तो म्हणाला. "चालू द्या."

दवाखान्यापर्यंत इंजिन वाजतच राहिलं.

आता तो सुरतेला कापडाच्या मालाची गाडी चालवतो. डिझेल मालकाचं. परवा फोन आला. "काकाजी, हे गाव ताटावानी सपाट हाय जी. एक उतार नाही!"

माझ्या औषधांना मी आता बॅटरीच्या ऑटोनं वाशीमला जातो. चढावर कोणी उतरत नाही. ऑटो हूं करत वर जातो. मांडीवर बुढीचीच पिशवी असते. मागच्या खेपेला मोठ्या चढावर ऑटोवाल्यानं आरशात पाहून विचारलं, "बाबा, पिशवी वर काहून धरली?"

पाहिलं तर माझे दोन्ही हात वर होते.

"तुले काय समजते," मी म्हटलं. "चालव तू."