लालासाहेबाला ‘कुठं’ विचारू नये

लालासाहेबाच्या शोकसभेत चार शब्द बोलायला गावानं जालिंदरला उभं केलं, तेव्हा त्याच्या तोंडून एकही फुटला नाही. एक तर त्याला चारचौघांत बोलायची सवय नाही. सारी उमेद कुपवाडच्या कारखान्यात लेथ मशीनपुढं गेली, आणि मशीन काही विचारत नाही. पण खरी अडचण निराळी होती. सगळे म्हणत होते, तुझ्याइतका त्याला कोण ओळखत होता? आणि जालिंदर उभ्या उभ्या मनात शोधत होता की आपल्याला नेमकं ठाऊक काय आहे. भिंतीला भिंत लागून घर. रोज सकाळचा चहा जालिंदरच्या ओट्यावर. तरीही हा माणूस पायांत वहाणा घालून निघाला की कुठं चाललाय, हे जालिंदरला एकदाही खरं कळलेलं नव्हतं.

शेवटी तर लालासाहेब तिकडं अमेरिकेत, लेकीच्या घरी, दुपारी जेवून आडवा झाला तो झोपेतच गेला. तेव्हाही कुणाला सांगून गेला नाही. जालिंदर नुसता हात जोडून खाली बसला.

तर ती सांगायची राहिलेली गोष्ट अशी.

वडूजच्या अलीकडं त्यांचं गाव. लालासाहेब पलटणीत गाडी चालवायचा, पेन्शनीत आल्यावर थोडी ज्वारी, थोडा भुईमूग आणि भरपूर बोलणं, असं त्याचं चाललेलं. हसरा माणूस. कुणालाही काहीही सांगायचा. फक्त एक सोडून. पिशवी घेऊन निघालेल्या लालासाहेबाला ‘कुठं चाललास?’ असं कुणी विचारलं की तो न थांबता म्हणायचा, “पाटणला. मेव्हण्याची म्हस आजारी हाय.” आणि मागच्याच गाडीनं वडूजच्या बाजारात जाऊन वांगी घेऊन यायचा.

जालिंदर पहिल्यांदा फसला तेव्हा त्यानं मोठ्या विश्वासानं पाटणला दिलेल्या आपल्या बहिणीसाठी ओल्या शेंगांची पिशवी त्याच्याजवळ दिली. संध्याकाळी लालासाहेब पिशवी परत घेऊन आला.

“ताई म्हणाली, आमच्यात लय झाल्यात. तूच खा म्हणाली.”

“बरी हाय का?”

“गुटगुटीत.”

पुढं बहिणीचा फोन आला तेव्हा कळलं की तिच्या दारात कुत्रंही आलेलं नव्हतं. आणि पिशवीत शेंगा निम्म्याच उरल्या होत्या. विचारल्यावर लालासाहेब म्हणाला, “गड्या, निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून टोकू नये. काम बिघडतं. ‘लांब का?’ आसं विचारावं. आईनं शिकीवलंय. टोकलं की खरं सांगायचं न्हाई, खोटं गाव सांगायचं. मंग जे काय बिघडायचं ते त्या गावाला बिघडतं.”

“म्हंजी पाटणला?”

“पाटण लय मोठं हाय. त्याला काय हुतंय.”

वर पुन्हा पलटणीतही तेच शिकवलं होतं म्हणे. गाडी कुठं चालली हे कुणाला सांगायचं नाही. म्हणजे आईचं आणि सरकारचं एकमत झालेलं. अशा माणसाला कोण समजावणार? जालिंदर ‘लांब का?’ विचारायला शिकला आणि विषय मिटला.

तो पुन्हा उकरला गेला लालासाहेबाच्या लेकीमुळं. शिवांजली अमेरिकेत, डॅलसला असते. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, नवरा-बायको दोघंच, तिच्या सासूबाईंना गुडघ्यांनी धरलेलं. लालासाहेबाच्या मंडळी आक्काताई त्या दिवसापासून जमिनीवर राहिल्याच नाहीत. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून झाली. हळीव, डिंक, बाळंतशोपा निवडून डबे भरले. आता व्हिसा तेवढा राहिला होता. लेकीनं तिकडून सगळं भरून पाठवलं, मुंबईच्या मुलाखतीची तारीख मिळाली आणि फोनवर तिनं एकच बजावलं, “आई, आण्णांना सांग, विचारलं तेवढंच सांगायचं. सरळ.”

आक्काताई तडक जालिंदरच्या ओट्यावर आल्या.

“भावजी, तुमी ह्यांची उजळणी घ्या. तुमी सायब व्हा.”

“मी कसला सायब, वहिनी?”

“गप बसणारा सायब व्हा. तेवढं तर जमंल?”

मग आठवडाभर रोज चहानंतर जालिंदर आपल्याच घरात, गजाच्या खिडकीआड खुर्ची टाकून बसायचा आणि लालासाहेब बाहेर अंगणात टोपी सारखी करून उभा राहायचा. येणारी-जाणारी माणसं विचारायची, जालिंदरला कोंडलंय का काय? जालिंदर घाम पुसत, खाली बघत विचारायचा, “लांब का?”

“व्हय. लांब. ड्यालसला. लेकीकडं,” लालासाहेब खणखणीत उत्तर द्यायचा.

“कशापायी?”

“तिचं बाळंतपण हाय. मंडळी करणार, मी बघणार.”

“खर्च?”

“जावई. आन् माझी पेन्शन.”

एकदाही चुकला नाही. आक्काताईंनी जालिंदरला साखर घालून दूध दिलं. तो पहिल्यांदाच कुणाचा तरी गुरू झाला होता.

मुंबईत काय घडलं ते आक्काताईंनीच परत आल्यावर सांगितलं. काचेपलीकडं गोरा साहेब, शेजारी पुण्याकडचं मराठी बोलणारी दुभाषी मुलगी. मुलगी गोड हसली आणि म्हणाली, “आजोबा, कुठे चाललात?”

आक्काताईंनी घाईनं नवऱ्याची बाही ओढली. पण उशीर झाला होता.

“पाटणला,” लालासाहेब म्हणाला. “मेव्हण्याची म्हस आजारी हाय.”

मुलीनं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. साहेबानं कॉम्प्युटरवर बघितलं. कागदात पाटण नव्हतं. म्हैसही नव्हती. आक्काताईंनी चिमटा काढला, तर लालासाहेब कळवळून आणखीच ठामपणे म्हणाला, “लय आजारी हाय.” साहेबानं पुढं दोन-चार प्रश्न विचारले, आक्काताईंनी धडपडून डॅलस, लेक, बाळंतपण सगळं सांगितलं, पण साहेबाला आता म्हैस सोडवत नव्हती. त्यानं नम्रपणे कागद हातात दिला. या वेळी जमणार नाही.

“भावजी, तुमी ह्यांना ‘लांब का’ कशाला शिकीवलं?” आक्काताई म्हणाल्या. “तिथं काय आपल्या आळीतला सायब हाय व्हय, ‘लांब का’ म्हणाय?”

जालिंदरला मान वर करता येईना. त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ‘लांब का?’ची सवय जडलेला माणूस, निघालेल्याला ‘कुठं’ विचारणं त्याच्या जिभेवरच आलं नसतं. सगळं पाठ करून घेतलं आणि पहिलाच प्रश्न चुकीचा विचारला.

आक्काताईंनी दुपटी ट्रंकेत घातली आणि वरून कडी लावली. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लालासाहेबच म्हणाला. जेवायला ताट पुढं सरकायचं, शब्द नाही. फोनवर लेक रडायची, आक्काताई इकडून हूं हूं करायच्या आणि मग परसात जाऊन उगाचच धुतलेली भांडी पुन्हा घासायच्या. लेकीचे दिवस भरत चालले होते.

लालासाहेब सकाळी चहाला आला.

“चुकलं म्हण की तिला,” जालिंदर म्हणाला.

“चुकलं न्हाई रं. खरं सांगितलं आसतं आन् पोरीला काय झालं आसतं तर? बाळंतपणाचं काम हाय. ती काय वांगी हायत व्हय?”

मग त्यानं थोरल्या भावाचं सांगितलं. तो एकदा ऊसतोडीला निघाला, चावडीपाशी कुणी विचारलं, त्यानं सरळ सांगितलं, आणि त्या वाटेवरून तो परत आला नाही. जालिंदरनं आयुष्यात पहिल्यांदा या भावाचं नाव ऐकलं. खरा भाऊ होता की पाटणच्या म्हशीसारखा, हे विचारायचा धीर मात्र झाला नाही.

शिवांजलीनं पुन्हा अर्ज केला. नवी तारीख आली. निघायच्या आदल्या दिवशी आक्काताई जालिंदरच्या ओट्यावर आल्या आणि नवऱ्यासमोर बसून, बऱ्याच दिवसांनी पहिलं लांबलचक वाक्य बोलल्या.

“आवं, सासूबाईंनी मला काय सांगितलं हुतं ते तुमास्नी ठावं हाय का? त्या म्हणायच्या, माझा लाला आर्धंच ऐकून पळाला. कुणी टोकलं तर जागच्या जागी खाली बसावं, दोन श्वास घ्यावं, उठावं. टोक निघून जातं. मंग खरं सांगितलं तरी चालतंय.”

“आई म्हणाली?”

“चुलीपुढं बसून म्हणाल्या. हात जोडून सांगते.”

लालासाहेबानं बराच वेळ बशीतल्या चहाकडं बघितलं. “आसंल,” म्हणाला.

या वेळी साहेब दुसरा होता, मुलगी तीच. तिनं ओळखलं असावं. ओठ दाबत तिनं विचारलं, “आजोबा, कुठे चाललात?”

आणि लालासाहेब काचेपुढून नाहीसा झाला.

साहेब खुर्चीतून अर्धा उठला. काचेतून वाकून बघतो तर म्हातारा फरशीवर मांडी घालून, डोळे मिटून बसलेला. मागच्या रांगेतल्या लोकांना वाटलं, चक्कर आली. शिपाई धावला. आक्काताई दोन्ही हात पसरून म्हणाल्या, “हात लावू नगा! उठत्यात!” लालासाहेबानं दोन श्वास घेतले, गुडघ्यावर हात टेकून उठला, टोपी सारखी केली आणि परेडला म्हणावं तसं म्हणाला, “ड्यालसला. लेकीकडं. तिचं बाळंतपण हाय.”

साहेबानं मुलीला काहीतरी विचारलं. मुलीनं बरंच काही सांगितलं. तिची आजी कराडकडची निघाली, तिला सगळं ठाऊक होतं. साहेब हसला. लालासाहेबाच्या म्हणण्याप्रमाणं चाळीसच्या चाळीस दात दिसले, आता गोऱ्यांना दात किती असतात ते त्यालाच ठाऊक. मग साहेबानं शेवटचं विचारलं, काम झालं की परत येणार ना?

“आमच्यात ‘जातो’ म्हणतच न्हाईत,” लालासाहेब म्हणाला. “निघताना ‘येतो’च म्हणत्यात. इचारा तिला.”

व्हिसा मिळाला.

निघायच्या सकाळी गाडी दारात उभी होती. लालासाहेब पिशव्या बांधत असताना आक्काताई जालिंदरला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “भावजी, सासूबाईंनी आसलं कायबी सांगितलं न्हवतं. त्या माझ्याशी चुलीपुढं बसून कवा बोलल्या? कुणाला सांगू नगा.”

जालिंदर मनापासून हबकला. इतकी वर्षं शेजारी राहून त्याला वाटत होतं, थापा मारणारा एकच आहे.

गाडी गेली. नात झाली, आक्काताई वेळेवर पोचल्या होत्या. लालासाहेब फोन करायचा, चित्राचा. एकदा आक्काताई नातीला तेल लावत होत्या, तेव्हा तो फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेला आणि तोंड पडद्याला लावून कुजबुजला. जालिंदरला नुसती मिशी दिसत होती.

“ऐक. आईनं ते बसायचं-बिसायचं आसलं कायबी सांगितलं न्हवतं. मला ठावं हाय. हिला कळू देऊ नगोस.”

“मंग तिथं खाली बसलास कशाला?”

मिशी पडद्याच्या आणखी जवळ आली. “ती लय दिवसांनी बोलली हुती रं माझ्याशी,” लालासाहेब म्हणाला. “आन् म्हणलं, आईनं सांगितलं आसतं तर आसंच सांगितलं आसतं.”

जालिंदरजवळ आता दोघांचं एकेक गुपित होतं, आणि ती दोन्ही एकच होती. ओट्यावर एकट्यानं चहा पिताना त्याला अधूनमधून हसू यायचं. एकट्याच्या चहाला चव नव्हती, पण हसू यायचं.

शेवटचा फोन आला तो असाच, काही कारण नसताना. लालासाहेबाच्या मागं रुंद, चकचकीत रस्ता होता, त्यावर एक माणूस नाही. पुढं नातीची ढकलगाडी. डोक्यावर तीच टोपी. तो उन्हात डोळे बारीक करून बघत होता. जालिंदरला त्याला बघून काय वाटलं कुणास ठाऊक, त्या शेंगांच्या पिशवीनंतर जे कधीच विचारलं नव्हतं ते त्यानं मुद्दाम विचारलं.

“कुठं चाललाईस रं, लाला?”

लालासाहेबाच्या डोळ्यांत चमक आली. गाडी ढकलायची थांबवून त्यानं इकडंतिकडं बघितलं.

“वडूजला आलोय. ष्ट्यांडवर उभा हाय. यष्टी लागली की येतो.”

“ये,” जालिंदर म्हणाला. “च्या ठेवतो.”