खाडीत कोणी जात नाही

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याने आपणहून माप जरा जास्त घातलं तर मी ते दूध आधी हुंगून बघते. लग्न झाल्यावर सासूबाई पहिल्याच आठवड्यात माझ्याशी इतक्या गोड बोलल्या, की मी आईला फोन करून विचारलं, "यांना नक्की हवंय काय?" आई म्हणाली, "तुझ्या संसाराचं काही खरं नाही गं बाई." संसार टिकला. पुढे अर्थशास्त्रातली नोकरी लागली तेव्हा मला वाटलं, चला, आता शंका काढायचाच पगार मिळणार. तो माझा शुद्ध गैरसमज होता.

मुंबईतली छोटीशी संशोधन संस्था होती. आंतरराष्ट्रीय व्यापार, परदेशी गुंतवणूक, औद्योगिक धोरण अशा विषयांवर तिथे अभ्यास चालायचे. बाकीचे सहकारी एसीत बसून निर्यातीचे आलेख काढायचे. मी नवीन पनवेलला राहणारी, म्हणून उरण-पनवेल पट्ट्यातली सगळी फिरती माझ्या गळ्यात. ती एसईझेडची, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांची, वर्षं होती. रिक्षावाल्यापासून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत जो तो एसईझेडवर बोलायचा, आणि कोणाला काही धड माहीत नसायचं. आम्हाला मिळालेला प्रश्न असा होता: बंदराला जोडून निर्यातीचं उद्योगक्षेत्र आलं, त्यासाठी खाडीच्या तोंडाशी भराव पडला, तर किनाऱ्यावरच्या गावांच्या पोटापाण्याचं काय होईल? ज्यांचं पोट खाडीवर आहे त्यांना भरपाई आणि बंदरात काम मिळणार होतं. ते लोक कोण, हे आमच्या अहवालावरून ठरणार होतं.

त्यातलं एक पोट माझ्या चांगलं ओळखीचं होतं. गव्हाणच्या अलीकडच्या एका गावातली कोळीण मावशी आमच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन यायची. नवरा गेलेला, लेक सासरी, घरात ती एकटीच. होडी नाही, जाळं एवढंसं. ओहोटी लागली की बायकांबरोबर खाडीत उतरायचं, गुडघाभर चिखलात हात घालून निवट्यांसारखे बारके मासे, चिंबोऱ्या, कालवं काढायची, आणि सहा आसनी रिक्षाने पनवेल गाठायचं. कधीतरी जिताड्यासारखा भारी मासा लागला तर तिचा तोरा बघण्यासारखा असायचा. "आज भाव करू नको, ताई. आज मी ऐकनार नाय."

तीही माझ्याइतकीच संशयी होती, म्हणूनच बहुधा आमचं जमलं. मी पाकीट आणायला आत वळले की ती टोपलीवर फडकं टाकायची. मी म्हणायचे, "मावशी, मी काय चिंबोरी घेऊन पळणार आहे का?" ती म्हणायची, "तू नाय पलनार. तुजी नजर पलते." मग दोघी हसायचो.

पाहणीला मी तिच्या गावात गेले तेव्हा मनातून खूश होते. ओळखीचं गाव, ओळखीची माणसं, काम झटपट होईल. पहिल्या घरी विचारलं, घरातलं कोणी मासेमारीला जातं का? बाई म्हणाली, "नाय बा. खाडीत कोनी जात नाय आता." दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तर मागच्या पडवीत ओलं जाळं वाळत पडलं होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं, आणि घरधनी माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगत होता, "आमी सोडला त्यो धंदा." जाळ्याकडे बोट केलं तर म्हणाला, "ते पावन्याचं हाय."

मावशीच्या दारात गेले तेव्हा ती चूल सारवत होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मला जन्मात पाहिलेलं नाही. मी विचारलं, "काय काम करता?" "घरीच असते." "मासे?" "ते लगनाआदी. आता कमरेत जोर नाय." माझ्या फ्रीजमध्ये तिनेच धरलेली कोलंबी होती! मला असा राग आला म्हणून सांगू! पण आमच्या कामाचा दंडक होता, समोरचा सांगेल तेच लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. मी लिहिलं, गृहिणी.

ती पुन्हा टोपली घेऊन दारात आली तेव्हा मी तिला दरवाज्यातच अडवलं. "कमरेत जोर आला वाटतं परत?"

ती टोपली खाली न ठेवताच म्हणाली, "मागं असेच तुज्यासारके आलेले, कमाई इचारीत. ज्यांनी खरं सांगितलं त्यांचं पिवलं कारड गेलं आन केशरी आलं. रेशन बंद. तवापासून गावकीनं ठरवलं, लिवनारा मानूस आला का आपल्याला काय येत नाय, आपन कुटं जात नाय. जो सांगल त्याला गावकी इचारनार."

म्हणजे सगळ्या गावाने मिळून, शपथ घेतल्यासारखं, आपलं पोट लपवून ठेवलं होतं. मी कपाळाला हात लावला. तिला बसवलं, चहा दिला, भरावाचं समजावून सांगितलं. या वेळी उलटं आहे, मावशी. या वेळी खाडीत जाते असं सांगितलं तरच मिळेल. नाही म्हणालात तर खाडी पण जाईल आणि हातात काही पडणार नाही.

तिने बशीत फुंकर मारली, एक घोट घेतला. मग म्हणाली, "तुजा कागद कोनाकडं जातो?"

"आमच्या सरांकडे."

"आन सरांकडून?"

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं त्या संस्थेत काम करत होते आणि हा साधा प्रश्न, दुधाचा वास घेणाऱ्या मला, कधी पडला नव्हता.

सर, आमचे संस्थाप्रमुख, भला माणूस, निदान वागायला तरी. कधी आवाज चढवायचे नाहीत, बिनसाखरेचा चहा प्यायचे, प्रत्येकाला अहो-जाहो. मी विचारलं, "सर, या अभ्यासाचे पैसे कोण देतंय?" ते म्हणाले, "प्रकल्पाशी संबंधित मंडळी." "म्हणजे भराव घालणारी?" "बाई, आपण शास्त्रीय काम करतो. पैसे कोणाचे याने आकडे बदलत नाहीत." आणि त्यांनी मसुदा माझ्यापुढे सरकवला. त्यात माझ्याच पाहणीवरून वाक्य आलं होतं: किनाऱ्यालगतच्या कुटुंबांचे मासेमारीवरील अवलंबित्व नगण्य आहे.

"सर, हे खोटं आहे. लोक घाबरून नाही म्हणाले. मी दर आठवड्याला तिथले मासे खाते."

ते हसले. "एका टोपलीवरून कोणी निष्कर्ष काढतं का?"

"मग पुन्हा पाहणी करू."

"वेळ नाही." हे मात्र त्यांनी फार चटकन सांगितलं. त्या चटकनपणाचाच मला वास आला. त्यांना हे वाक्य आधीपासूनच हवं होतं का? की त्यांना खरंच वेळ नव्हता? मला आजही सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या शर्टाच्या इस्त्रीचासुद्धा मला संशय येऊ लागला.

जनसुनावणी तालुक्याच्या एका सभागृहात झाली. पुढे अधिकारी, बाजूला सर आणि मी, समोर गावंच्या गावं. सरांनी अहवालातलं ते वाक्य वाचलं आणि बायकांच्या बाजूने असा कल्ला उठला, की माइकवाला दचकला. नगण्य या शब्दाचा अर्थ कोणीतरी त्यांना सांगितला असावा. "आमी नगन्य? तुजी आय नगन्य!" एक म्हातारी ओरडली. अधिकाऱ्याने शांतपणे कागद उचलला. "हे आम्ही मनाने लिहिलेलं नाही. तुमच्या घरोघरी विचारलंय. तुम्हीच सांगितलंत, खाडीत कोणी जात नाही."

मावशी उभी राहिली. पदर खोचलेला. गावकीतली पुरुषमंडळी खाली बघत होती. ती म्हणाली, "तवा आमी खोटं बोललो."

अधिकारी म्हणाला, "मग आता खरं बोलताय हे कशावरून?"

काय बिनतोड बोलला मेला! मावशीने इकडे तिकडे पाहिलं. माझ्याकडे तिने मुळीच पाहिलं नाही. मला वाटतं, मी तिच्या बाजूची असेन हे तिच्या मनातही आलं नसावं. मीच उठले. म्हटलं, "मी सांगते कशावरून. ही पाहणी मी केली. मी यांच्याकडून मासे घेते. या खाडीत जातात. यांच्याबरोबर गावातल्या बायका जातात. लोकांनी सांगितलं ते मी लिहिलं, पण मी डोळ्यांनी पाहिलं ते वेगळं आहे."

सरांनी माझ्याकडे बघून हळूच चष्मा काढला, पुसला, परत लावला. टाळ्या वाजल्या. अधिकाऱ्यालाही लोकांना तोंड दाखवायचं होतं, त्याने फेरपाहणीचा हुकूम दिला, अर्थात दुसऱ्या संस्थेकडून. सरांनी मला जाताना फक्त एवढंच म्हटलं, "तुमचं मन या क्षेत्रात रमणार नाही." माझा करार पुढे वाढला नाही. मला त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही, घरात दोन दिवस कोणाशी धड बोलले नव्हते.

पण मावशी खुलली होती. गावकीने नवा ठराव केला होता, की आता सगळ्यांनी खरं सांगायचं. ती दारात येऊन मला म्हणाली, "तू नसती तर आमची खाडी अशीच गेली असती." मग लगेच, "पन तुजा त्यात काय फायदा?" मी म्हटलं, "काही नाही, नोकरी गेली." तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. त्या दिवशी ती पहिल्यांदाच टोपली माझ्यापाशी उघडी ठेवून पाणी प्यायली.

फेरपाहणीवाले येणार, येणार म्हणून बायका घरी बसून राहिल्या. तारीख कोणी सांगेना. ग्रामपंचायतीत विचारलं तर, येतील तेव्हा येतील. ओहोट्या वाया चालल्या होत्या. बंदरातला पगारवाला घरी बसू शकतो, त्याची नोकरी तिथेच असते. खाडी तशी थांबत नाही, रोजची वेळ पुढे सरकते. शेवटी मावशीने आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी ठरवलं, आता बस्स, घरात चूल आहे. आणि भर दुपारची ओहोटी धरून त्या उतरल्या.

त्याच दुपारी जीप आली.

घरी होते ते कोण? ज्याचं किराणा दुकान तो, निवृत्त झालेला बंदरातला कारकून, रिक्षा दुरुस्त करणारा. त्यांनी नव्या ठरावाप्रमाणे छाती पुढे काढून सांगितलं, आम्ही खाडीवर जगतो. दुकानात मापं लटकलेली असताना सांगितलं! पाहणीवाल्यांना हसू आवरलं नसेल. आणि ज्या दारांना कुलुपं होती तिथे त्यांनी लिहिलं, घर बंद.

मला हे कळलं तेव्हा मी त्या दुसऱ्या संस्थेतल्या, पाहणीला आलेल्या मुलीला फोन लावला. माझ्यासारखीच कोणीतरी, आवाज तरुण, दमलेला. म्हटलं, "अहो, घरं बंद का होती ते विचारलंत का?"

"विचारलं ना, मॅडम. शेजारी म्हणाले, बाया खाडीत गेल्यात, मासे धरायला."

"मग तेच लिहा ना!"

"ऐकीव माहिती आम्हाला चालत नाही, मॅडम. उत्तर त्या घरातल्या माणसानेच द्यावं लागतं."

"मग परत जा."

"परत जायचं आमच्या कामात बसत नाही."

तीच दुपारची वेळ त्यांनी मुद्दाम साधली का? कोणी त्यांना ओहोटी सांगितली का? मी पुष्कळ डोकं खाजवलं. माझ्याकडे पुरावा काही नाही. ती मुलगी बिचारी खरंच दमलेली वाटली. एवढं सरळ, एवढं नियमाप्रमाणे झालेलं काम की त्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि माझा सगळा संशय नेमका त्या सरळपणावर होता.

मावशीला मीच सांगितलं. ती नेहमीच्या वेळी आली होती, पायांवर पोटरीपर्यंत चिखल वाळलेला, टोपलीत निवट्या वळवळत होत्या. मी तिला सांगितलं, मावशी, तुझं नाव यादीत नाही लागणार. तुझ्या घराला बंद लिहिलंय. तुझ्याबरोबरच्या सगळ्यांच्याच.

ती उंबऱ्यावर बसली. टोपलीवरचं फडकं तिने हातात घेतलं, पिळलं, परत टाकलं नाही.

"दुकानवाल्याचं लागंल?"

"त्याच्यावर त्यांचा विश्वास नाही बसणार. पण तो निदान भेटला, असं लिहिलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर बरं वाटलं असतं. ती खरोखर समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, की एवढं शिकलेली माणसं असं का करतात, आणि मी त्यांतलीच एक होते.

"म्हंजे ताई," ती म्हणाली, "मी मासं धराय गेलती, म्हनून मी मासेवाली नाय?"