पद्माबाईंच्या दोन नोटिसा

वारंगा फाट्याच्या अलीकडे, आमच्या गावची सडक जिथे राष्ट्रीय महामार्गाला मिळते, तिथे पद्माबाई पाईकराव यांची चहाची टपरी होती. चहा गोड, भजी तिखट आणि बाईंचं बोलणं दोन्हींच्या मधलं. नवरा गेल्यावर याच टपरीवर त्यांनी दोन मुलं शिकवली आणि घरात सून आणली. मी निवृत्त मास्तर. गावात कुणाला अर्ज लिहायचा असला की मला बोलावतात आणि मीही लगेच हरखून जातो.

बाईंना फाट्यावर दिवा हवा होता. कॉलेजच्या पोरी संध्याकाळच्या एसटीतून उतरतात आणि अंधारात महामार्ग ओलांडतात. एका हिवाळ्यात संतराम दूधवाल्याचा पाय तिथेच मोडला, तेव्हापासून बाईंनी ध्यास घेतला. "गुरुजी, एखादं लेकरू जायच्या आदी तिथं लाइट पाहिजे," त्या म्हणाल्या.

मी झोकात अर्ज लिहिला. एकच अर्ज, दोन्ही कार्यालयांना. इथेच माझी हुशारी नडली. महामार्गवाल्यांनी कळवलं की तो कोपरा राज्याच्या रस्त्यात येतो. राज्याच्या बांधकामवाल्यांनी कळवलं की तो महामार्गाच्या रुंदीत येतो. दुसऱ्यालाही अर्ज गेलाय हे दोघांनाही दिसत होतं, मग कोण कशाला हात लावतो? तीन वर्षं हेलपाटे घालून माझ्या चपला झिजल्या आणि डोकं फिरलं ते वेगळंच.

बाई मात्र खचल्या नाहीत. त्यांची सून सपना दर रविवारी विहारात संविधान वाचून दाखवते. बाईंनी तिला शोधायला लावलं की रस्ता नेमका कुणाचा. निघालं ते असं: राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यादीत, बाकीचे रस्ते राज्याच्या.

"वाटणी तर बराबर हाय, गुरुजी," बाई मला म्हणाल्या. "पण अंगण झाडायचं आलं का दोघं भाऊ एकमेकाकडं बोट दाखवून राहिले."

"मग आता काय करायचं?"

"त्या अंगणात आपली खाट टाकायची. दोघं बी धावत येतात का न्हाई बघा."

दुसऱ्या सकाळी त्यांनी चार माणसं लावून टपरी उचलली आणि नेमकी त्या वादाच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवली. मी भडकलो. "अहो, हे अतिक्रमण आहे! टपरी मोडून टाकतील. मग खाल काय?"

"आदी कागद तर येऊ द्या," त्या भजी तळत म्हणाल्या.

कागद आला की! तीन वर्षं न हललेली कार्यालयं नवव्या दिवशी हलली. पहिली नोटीस: सदर जागा राष्ट्रीय महामार्गाच्या हद्दीत असल्याने टपरी सात दिवसांत हटवावी. दोन दिवसांनी दुसरी नोटीस: सदर जागा राज्याच्या रस्त्याच्या हद्दीत असल्याने टपरी सात दिवसांत हटवावी. बाईंनी दोन्ही शिपायांना फुकट चहा पाजला. मग माझ्याकडून दोन वेगवेगळे अर्ज लिहून घेतले, या वेळी मजकूर त्यांचा. जागा तुमचीच, हे तुम्हीच लिहून दिलंत. तुमच्या जागेत अंधार आहे. शेजाऱ्याची नोटीसही सोबत जोडली आहे, तो म्हणतो जागा त्याची.

आठवड्यात दोन जीपा आल्या. महामार्गाचे धर्मसिंग साहेब आणि राज्याचे प्रेमानंद साहेब टेप धरून मोजू लागले. अर्धा तास नुसतं 'आमची, आमची' चाललं होतं. बाईंनी दोघांपुढे भज्यांच्या बशा ठेवल्या. "साहेब, जागा दोघांची बी असू द्या. लाइट कोनाची?"

धर्मसिंग साहेबांनी नोटिशीखालची स्वतःची सही पाहिली आणि तेच आधी हसले. ठरलं. दिवा महामार्ग लावणार, गावच्या सडकेवर गतिरोधक राज्य घालणार. पण टेप तेवढ्यावर थांबली नाही. टपरीची जुनी जागासुद्धा हद्दीत निघाली. बाईंचं तोंड उतरलं.

"लाइट लावा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी टपरी दिसनार न्हाई."

दिवा लागायला दोन महिने गेले. बाईंनी शब्द पाळला. आता टपरी शंभर पावलं आत, शेषरावांच्या शेताच्या बांधावर आहे. ड्रायव्हर तिथवर येत नाहीत आणि धंदा निम्म्यावर आलाय.

परवा संध्याकाळी मी तिथे चहा पीत बसलो होतो. एसटी थांबली. पोरी उतरल्या आणि गप्पा मारत, खिदळत रस्ता ओलांडून गेल्या. एकीनंही दिव्याकडे पाहिलं नाही, बाईंकडे तर नाहीच. मला राग आला. "एकीनं तरी वर बघावं की नाही?"

बाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. "काहून बघावं, गुरुजी? आदी ह्याच पोरी जीव मुठीत घेऊन पळत होत्या. आता बघा, चालून राहिल्या."