अंबूबाईंची पाचवी रेकॉर्ड

अंबूबाईंच्या चार रेकॉर्डी निघाल्या होत्या. पाचवी निघालीच नाही, असं त्या पासष्ट वर्षं धरून चालल्या होत्या.

म्हणून लोणावळ्याहून फोन आला तेव्हा त्यांनी तो सुनेच्या, माधवीच्या हातात दिला. "काय म्हणत्यात ते नीट इचार."

माधवीनं ऐकून घेतलं. "निवृत्त स्टेशनमास्तर हायेत, दिगंबर म्हणून. जुन्या रेकॉर्डी जमवत्यात. एकीवर ‘अंबूबाई वडिवळेकर’ दिसलं, म्हणून वडिवळ्यात चौकशी केली. यमनातलं पद हाय म्हणं."

अंबूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. यमनातलं पद त्या स्टुडिओत एकदाच गायल्या होत्या.

बाराव्या वर्षी त्या नाटक मंडळीत गेल्या, सोळाव्या वर्षी नायिका झाल्या. पेटीवर सोपान असायचे. गाता-वाजवता दोघांचं जुळलं, लग्न झालं. पुढं मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचं बोलावणं आलं. पेटी गोधडीत गुंडाळून दोघं कामशेतहून पॅसेंजरनं जायची. पहिल्या चार रेकॉर्डी निघाल्या, तेव्हा तळेगावचा दुकानदार त्या मोठ्यानं लावायचा आणि बाजाराला आलेली माणसं पिशव्या खाली ठेवून ऐकायची.

पाचव्या खेपेला घोटाळा झाला. स्टुडिओत लाल दिवा लागला की खाकरायचंसुद्धा नाही. सोपान मात्र रंगभूमीवर वाढलेले. तिथं गाणारी समेवर नेमकी आली आणि पेटीवाल्यानं दाद दिली नाही, तर त्याचं काहीतरी बिनसलंय असं समजतात. दुसऱ्या अंतऱ्यात अंबूबाईंची तान समेवर उतरली आणि सोपानच्या तोंडून ‘वा!’ निघून गेलं. पद संपल्यावर कंपनीच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. पुन्हा गायला सांगितलं. सोपाननी तोंडात सुपारी धरली. या वेळी पद निर्विघ्न झालं, पण आवाज दाव्याला बांधलेल्या वासरासारखा निघाला.

परतताना घाट चढून गाडी कामशेतला येईपर्यंत अंबूबाई बोलल्या नाहीत. उतरल्यावर एकच वाक्य बोलल्या, "तुमच्या तोंडापायी माझं गाणं गेलं."

कंपनीचं पुन्हा पत्र आलं नाही. नाटक मंडळीही त्याच वर्षी बंद पडली. दोघं कायमची गावी, वडिवळ्याला येऊन भात लावू लागली. अंबूबाई आवणाची रोपं लावताना गायच्या, जात्यावर गायच्या. सोपान ऐकायचे, मान डोलवायचे. पण मरेपर्यंत, चाळीस वर्षांवर, त्यांनी एकदाही ‘वा’ म्हटलं नाही.

त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली होती.

लोकलनं लोणावळ्याला निघाल्यावर माधवीनं विचारलं, "आत्या, गप का?"

"रेकॉर्ड निघाली आसंल, तर मी त्यांना उगाच बोलले."

"आन निघाली नसती, तर बोललेलं बरूबर व्हतं?"

अंबूबाईंनी तोंड खिडकीकडं फिरवलं. "लय शानी झालीस."

दिगंबर मास्तरांच्या कपाटात दमट हवेपायी दिवसासुद्धा एक बल्ब जळत होता. त्या उजेडातून त्यांनी रेकॉर्ड काढली, मऊ फडक्यानं पुसली. "मावशी, खरखर फार आहे हं."

"माझ्याबी गळ्यात हाय आता. लावा."

खरखरीतून आधी पेटी आली. दोन सुरांतच अंबूबाईंनी हात ओळखला. मग त्यांचा स्वतःचा वीस वर्षांचा आवाज आला. माधवी एकदा त्यांच्याकडं, एकदा फिरत्या रेकॉर्डकडं बघत राहिली. दुसरा अंतरा सुरू झाला, तशा अंबूबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. आता सुपारीची शांतता येणार होती. तान चढली, वळली, समेवर उतरली.

‘वा!’

मास्तर ओशाळले. "मध्येच कुणीतरी बोललंय. असलं सहसा काढत नसत, दुसऱ्यांदा गाऊन घेत."

"घेतलं व्हतं."

"मग कंपनीत कुणाला तरी कान असणार, मावशी."

अंबूबाई जरा पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, "त्याच्याफुडचं परत ऐकवा. जरा."

मास्तरांनी सुई अलगद मागे ठेवली. ‘वा’ झालं आणि अंबूबाईंनी बोट वर केलं. "हितं. माधवे, ऐक."

माधवीनं कान दिला. पुढच्या ओळीचा पहिला शब्द किंचित सैल होता, ओठ फाकलेले असताना उच्चारल्यासारखा.

"हसलाय की तुमी," माधवी म्हणाली.

"व्हय." अंबूबाई रेकॉर्डकडं बघत होत्या. "मला राग आलेला तेवढा आठवतो. हसलेलं आठवतच न्हवतं."

मास्तरांच्या पत्नीनं चहा आणून ठेवला. तो तसाच राहिला. कपाटातला बल्ब उघड्या दारातून दिसत होता.

"अजून एकदा लावू?"

"लावा. पैल्यापास्नं लावा. पेटी पुरती ऐकू द्या."

या खेपेला अंबूबाईंनी डोळे मिटले, मांडीवर बोटांनी ठेका धरला. पहिला अंतरा गेला, दुसरा आला. आणि तान समेवर उतरून ते ‘वा’ निघालं, तेव्हा ओसरीवरून कुणी नावानं हाक मारल्यावर द्यावी तशी त्यांनी हलकेच ओ दिली.