मंगेशचं लक आणि माझी शीट

"आपण टेबलमध्ये पहिले आहोत आणि तू म्हणतोस गोलकीपर बदला?" आमच्या कांदिवलीच्या क्लबचे सेक्रेटरी सामंत सर माझ्या लॅपटॉपकडे संशयाने बघत होते.

मी ताठ बसलो. अशा प्रश्नांसाठीच तर मला ठेवलं होतं. मी क्लबचा डेटा अ‍ॅनालिस्ट. फुटबॉल म्हणाल, तर शाळेत मला कायम बाहेर बसवून सगळ्यांच्या बॅगा सांभाळायला द्यायचे.

काम सोपं. शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून मॅच शूट करायची आणि प्रत्येक शॉट कुठून मारला ते टिपायचं. तिथून मारलेले शॉट सहसा किती आत जातात, यावरून आपल्यावर किती गोल व्हायला हवे होते ते निघतं. याला म्हणतात एक्सपेक्टेड गोल्स. आमच्यावर त्याच्या निम्मेही झाले नव्हते. समोरचे अगदी जवळून बाहेर मारत होते. आमच्या गोलकीपरला, मंगेशला, बऱ्याचदा बॉलला हातही लावावा लागत नव्हता.

"सर, हे स्किल नाही, लक आहे. संपलं की वाट लागेल. त्याआधी उंच, तरुण कीपर आणा."

सरांनी ऐकलं. मंगेशची ही शेवटची लीग. इतकी वर्षं खेळून चॅम्पियनचं मेडल एकदाही मिळालं नव्हतं, ते यंदा दिसत होतं. बेंचवर बसवलं तरी तो माझ्याशी भांडला नाही. मला वाटलं, आकडे पटले असणार.

नवा पोरगा चार मॅच खेळला. चारही हरलो. तो वाईट खेळला नाही, पण आता समोरचे बाहेर मारेनात. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, लक फिरलं. म्हणजे जिंकलो तरी लक, हरलो तरी लक. हुशार कोण, तर मी.

पाचव्या मॅचआधी पोराचं मनगट दुखावलं आणि मंगेश परत आला. त्या दिवशी नेमकं गच्चीला कुलूप होतं. नाइलाजाने मी गोलच्या मागे उभा राहिलो आणि पहिल्यांदाच मंगेशचा आवाज ऐकला. नव्वद मिनिटं तोंड बंद नाही. "सात नंबर डावरा आहे रे, उजव्या पायावर घाल त्याला." वॉर्मअपलाच तो प्रत्येक स्ट्रायकरचा कच्चा पाय हेरून ठेवायचा, आणि डिफेंडरना ओरडून त्याला त्याच पायाने मारायला लावायचा. मग जवळून मारलेलाही बाहेर जायचा. माझ्या शीटमध्ये शॉटची जागा होती, पाय नव्हता. आणि गच्चीवर आवाज पोचत नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांकडे जाऊन चूक कबूल केली. ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मंगेश गोलमध्ये राहिला, आम्ही जिंकत वर चढलो. शेवटच्या मॅचला नुसती बरोबरी केली असती तरी मेडल होतं. संपता संपता, बरोबरी असताना, समोरच्यांचा एक भरकटलेला शॉट आमच्याच डिफेंडरच्या पाठीला लागला आणि आत गेला. मंगेश दुसऱ्या बाजूला झेपावला होता.

हे मात्र शंभर टक्के लक होतं. मी मंगेशला तसं सांगितलंही.

तो ग्लव्ह्ज काढत होता. "लकच ते," तो म्हणाला. "पण त्या चारातली एक मॅच काढली असती ना, तर हा बॉल आत गेला काय नि बाहेर गेला काय, कोणाला फरक पडला असता?"

आता 'लक' लिहायच्या आधी मी गच्चीवरून खाली उतरतो. मंगेश रिटायर झाला.