सहा महिने डावीकडच्या सीटवर

भाच्याचा साखरपुडा निमोण्यात होता. जेवणाआधी दाजींनी मला कांद्याच्या चाळीमागं नेलं आणि तिथं आमच्या दोन-दोन बिअर झाल्या. निघताना बायकोनं माझ्याकडं नीट बघितलं. "अगं, बिअरनं काय होतंय?" म्हणत मी गाडी सुरू केली.

दौंडच्या वाटेवर एका वळणाला मेंढरांचा कळप आडवा आला. मी करकचून ब्रेक दाबला. शेवटचं मेंढरू बंपरपासून हातभर लांब. मेंढपाळ ओरडला आणि मी काच खाली न घेता बायकोला म्हणालो, "ब्रेक बघितलास?"

भीमेच्या पुलाअलीकडं पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. हवालदारानं मशीन पुढं केलं. मी चहा निववावा तसं हलकेच फुंकलं.

"साहेब, चहा न्हाई हा. जोरात फुंका."

फुंकलं. मशीननं आकडा दाखवला, हवालदारानं मान हलवली आणि पलीकडं वळून बायकोला विचारलं, "ताई, तुम्हाला गाडी येती का?"

"कागदावर येते," ती म्हणाली.

खरं होतं ते. सहा वर्षांपूर्वी तिनं परवाना काढला होता, पण स्टिअरिंगला मी तिला कधी हात लावू दिला नव्हता. त्या दिवशी दौंडपर्यंत तिनं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आणली. मागून हॉर्न वाजत होते आणि मी पुतळ्यासारखा बसलो होतो.

कोर्टात साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" मी "हो" म्हणालो, पण ते त्यांना ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. दंड झाला, परवाना सहा महिन्यांसाठी गेला. बाहेर आल्यावर मला ते मेंढरू आठवलं. त्याच्या जागी त्या मेंढपाळाचं पोर असतं तर, हे तेव्हा कुठं डोक्यात शिरलं.

मी कुरकुंभला कंपनीच्या बसनं जायला लागलो. बायको भांडगावच्या शाळेत शिकवते. ती एसटी सोडून गाडी नेईल असं ठरलं, पण शरमेनं म्हणा, मी किल्लीच काढून देईना. गाडी महिनाभर लिंबाखाली उभी राहिली आणि तेवढ्यात तिचा विमा संपला. आता नवा फॉर्म भरणं आलं.

विम्याचं काम बघणारे आप्पा आमच्या लांबच्या नात्यातले. शिरूरला एसटी स्टँडजवळ त्यांचं टेबल. रविवारी बायकोनंच मला एसटीनं तिकडं नेलं. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: गाडी चालवण्याच्या गुन्ह्यात दोषी ठरला आहात का?

मी हळूच म्हणालो, "आप्पा, 'नाही' लिहिलं तर?"

आप्पांना कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्यानं बोलतात. "दारू पिऊन पकडला व्हता, व्हय?" शेजारच्या चहाच्या टपरीवरच्या चार माना वळल्या. "मग खरं लिव्हा. खोटं लिव्हलं आन् उद्या ठोकली, तर कंपनी दमडी देणार न्हाई."

खाली तपशिलासाठी दोन बोटं जागा होती. मी लिहिलं, 'साखरपुडा होता.'

आप्पांनी वाचून चष्मा काढला. "त्यांनी कारण न्हाई इचारलं. काय केलं ते लिव्हा."

मग मी खरं ते लिहिलं. एकच ओळ, पण ती लिहायला मला कोर्टापेक्षा जास्त वेळ लागला.

दोन दिवसांनी विमा कंपनीचा माणूस गाडीचे फोटो काढायला घरी आला. त्यानं विचारलं, "गाडी कोण चालवतं?"

"मी," बायको म्हणाली.

"आणि हे?"

"हे बसतात."

त्यानं ते तसंच लिहून घेतलं असावं. हप्ता थोडा वाढला, पण पॉलिसी आली. दुसऱ्या दिवशी मी किल्ली तिच्या पर्सजवळ ठेवली. महिन्याभरात ती भांडगावपर्यंत चौथ्या गिअरमध्ये जायला लागली. येताना शाळेतल्या दोन बाईंनाही आणायची. सुट्टीच्या दिवशी कुठं निघालो की मी डावीकडं बसून आधी तिला ब्रेक कुठं दाबायचा ते सांगायचो. एकदा तिनं गाडी बाजूला घेऊन विचारलं, "उतरताय का?" तेव्हापासून गप्प बसायला शिकलो.

परवाना परत मिळाला त्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी अंगणात उभा राहिलो. "चल, आज तुला शाळेत सोडतो."

ती आरशात बघत गाडी मागं घेत होती. काच खाली करून म्हणाली, "अहो, तुमची बस येईल. आटपा."

आणि गेली.